दोन टोकांची तिकिटं

नेवाडाच्या वाळवंटात जुन्या लढाऊ विमानांची शर्यत होती. नवरा गाडी लावायला गेला होता, म्हणून मार्लिस चार वर्षांच्या टेसाला घेऊन तिकिटांच्या रांगेत उभी होती. पुढ्यात एका म्हाताऱ्या जोडप्याची जुंपली होती.

“व्हर्ना, यंदा तरी माझ्याशेजारी बस.”

“मुळीच नाही. तू उत्तरेच्या टोकाला, मी दक्षिणेच्या. बारा वर्षं जमलं, आजही जमेल.”

“लोकांना वाटतं, आपण काडीमोड घेतलाय.”

“वाटू दे. बारा वर्षांपूर्वीसारखं एखादं विमान गर्दीत घुसलं, तर पोरक्या नातीला आपल्यापैकी एक तरी उरायला नको?”

“अगं, आता प्रेक्षकांचे स्टँड केवढे मागे नेलेत! पूर्वी पायलटची मिशी दिसायची, आता विमान डासाएवढं दिसतं.”

“ऐंशी वर्षांचं विमान आहे ते, हार्लन. तुझ्याच वयाचं. कुठला सांधा कधी निखळेल, सांगता येतं?”

“मग येतेस कशाला?”

“तू घरी बसत नाहीस म्हणून. आणि तो आवाज मलाही आवडतो, काय करू! हे घे तुझं सँडविच.”

“मोहरीचा सॉस लावलास?”

“भरपूर. जा आता.”

दोघं दोन दिशांना गेली. मार्लिसने खिडकीशी येऊन तीन तिकिटं मागितली.

“तीन ना? शेजारी-शेजारी देऊ?”

“नको. दोन टोकांना द्या.”

“बरं. आणि मुलगी कुणाजवळ बसणार?”

मार्लिसने टेसाकडे पाहिलं.

“बाई, रांग खोळंबलीय. मुलगी कुणाजवळ?”