मामंजींचं तेल

सासरे : सांगितलं तर विश्वास बसणार नाही बाई, पण ही शिलाई मशीनवर बसलीय ना, माझी सून, हिची बोटं संधिवातानं गाजरासारखी सुजलेली. माझं तेल लावलं आणि नऊ महिने कळ नाही. सातव्या दिवशी हिनं एकटीनं कपाट सरकवलं. आत मी बसलेलो.

सून : तिथंच राहिला असतात तर बरं होतं.

शिक्षिका : माझीही बोटं सकाळी तासभर आखडलेली असतात हो. फळ्यावर खडू धरवत नाही. गोळ्या घेतेय, पण नुसतं मळमळतं.

सासरे : गोळ्या द्या फेकून. दोन बाटल्या घेऊन जा.

शिक्षिका : महिनाभर बघावं म्हणते.

सून : थांबा बाई. मामंजी, त्या नऊ महिन्यांत माझ्या पोटात कोण होतं तेही सांगा की.

सासरे : माझा नातू. त्याचा इथं काय संबंध?

सून : सगळा त्याचाच. डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच सांगितलेलं, दिवस गेले की शरीरातले हार्मोन बदलतात, बऱ्याच जणींची सूज ओसरते. बाळंतपणानंतर ते उतरले की दुखणं पुन्हा डोकं वर काढतं.

सासरे : चार बुकं शिकली म्हणजे झालं. रोज मी वाटीभर तेल ठेवायचो, सकाळी वाटी चाटूनपुसून रिकामी.

सून : दुकानाचं शटर आता एका बोटानं वर जातं, ते कशानं?

शिक्षिका : म्हणजे तेल शटरला?

सून : शटरला, मशीनच्या पायडलला, मोरीच्या बिजागरीला. माझ्या बोटाला थेंब नाही.

सासरे : बघा बाई. लोखंडाला गुण आला, तिथं हाडामांसाची काय कथा.

शिक्षिका : राहू द्या आजोबा. मळमळीचं मी डॉक्टरांनाच विचारते. गोळ्या नाही सोडत.

सून : गुरुवारी चला, मलाही जायचंय. दोन महिन्यांचं पोर पदरात आहे, मला चालतील अशा गोळ्या सुरू करून घ्यायच्यात.

सासरे : तुला कशाला गोळ्या? ठणठणीत आहेस. बाईंसमोर उगाच माझी फजिती.

सून : आज सकाळी बाळाच्या झबल्याचे बंद कुणी बांधले?

सासरे : मी.

सून : का?

सासरे : तुझी बोटं मिटत नव्हती म्हणून.