सेनापतीनं पोराला का सोडलं?

आता हसताय खरं, पण त्या दिवशी मी मेलोच म्हणून समजलो होतो. जांबोटीची बस चुकली म्हणून मी आणि माझा दोस्त सुभाष रानातून चालत निघालतो. वाद चाललेला जादूच्या मालिकेतल्या दुष्ट सेनापतीवर.

"सख्ख्या भावाला मारलं, मग त्याच्या पोराला का सोडलं रं?" सुभाष म्हणाला.

"म्हणून तर शेवटी पोराच्या हातनं मेला!" मी ओरडलो.

मागं पावलं वाजली. धुक्यातनं कोयता घेतलेला आडदांड माणूस येत होता. आम्ही पळालो, तोही पळाला. सुभाष घसरून पडला. मी त्याला उठवेपर्यंत तो आडदांड पुढ्यात उभा.

माणूस धापा टाकत म्हणाला, "मेला व्हय त्यो? मी अजून दुसराच भाग बघतोय की रं!"