मांडी घालायची सीट

देवाचं नाव मुखात राहू द्या मंडळी, आणि एका प्रश्नाचं उत्तर मनात तयार ठेवा — सेवा कुणाची करायची? समोरच्या माणसाची, की आपल्या हौसेची? अहो, माना काय डोलावता! आधी ऐका!

कराडात एक भालबा शेटे. त्यांची जुनी फियाट. पुढची सीट सलग, बाकासारखी. त्या सीटवर त्यांची बायको, वत्सलाबाई, लग्नापासून मांडी घालून बसायची! गाडीत मांडी? हो! पाय खाली सोडले की सुजायचे. बाई मोठ्या दुखण्यातून उठली, पण उंबरा ओलांडीना. कशात मन नाही. शेवटी भालबांनीच मनावर घेतलं. म्हणाले, "वच्छे, सीट नवीकोरी करतो आणि तुला माहेरी नेतो, पाटणला!"

झालं! सीट उचलून थेट माजघरात आणली. फाटकं रेक्झिन उसवलं, गंजल्या स्प्रिंगा घासल्या, कुजका काथ्या काढून नवा भरला. आणि हौस बघा — फोमच्या उंच कडा बांधून एका सीटच्या दोन केल्या, नव्या गाड्यांसारख्या!

बाई बसल्या. पाय वर घेऊन पाहिले — मावेनात. खाली उतरल्या.

"छान झालीय हो. तुम्हीच जाऊन या."

भालबा उसळले! "एवढा घाम गाळला, त्याचं हेच?" — हसू नका, तुमच्या घरी हे वाक्य रोज ऐकू येतं!

"रागावू नका," बाई म्हणाल्या. "पण तुमच्या शेजारी मी पाहुण्यासारखी अवघडून बसू का?"

भालबांची नजर त्या कडांवर गेली! टेप लावून साऱ्या सीटची मापं घेतली, आणि जिच्यासाठी केली तिचंच माप राहिलं! डोळे भरून आले. कडा उसवल्या, काथ्यावर चादर टाकली. "बस वच्छे, तुझ्या सवयीनं बस." बाई मांडी घालून बसल्या, आणि हा माणूस गुडघ्यांवर येऊन तिच्या मांडीभोवती खडूनं रेघ ओढतोय — हळू, अगदी हळू.

"अहो, गुदगुल्या होतात!"

हसली! मंडळी, किती दिवसांनी हसली ती! त्या रेघेबरहुकूम सीट शिवली, आणि फियाट पाटणच्या रस्त्याला लागली. बाई ऐसपैस बसलेल्या!

देवाला मखर करा, सिंहासन करा, जरूर करा! पण आज घरी गेलात की आपल्या माणसाला विचारा — "तुला कसं आवडतं?" आणि उत्तर येईपर्यंत जवळ बसा. उद्या कीर्तनाला उशीर झाला तरी चालेल!