तांड्यानं ठरवलेली तारीख

हसू नका, पण बासष्टच्या निवडणुकीची तारीख दिल्लीत नाही, ढाणकीजवळच्या एका बंजारा तांड्यात ठरली. मी तिथं मास्तर होतो, म्हणून मतदानाचा दिवस कळवायला मलाच सांगितलेलं.

दिवस ऐकून तांड्याचे नायक म्हणाले, "हे कोनं ठरवलं, गुरुजी?"

"दिल्लीनं. पिकं, परीक्षा, सणवार, सगळं पाहून ठरवतात."

"त्या दिवशी ढाणकीचा बाजार असते. थो नाही पाह्यला?"

मी हातातला कागद उलटून पाहिला.

"अन् मले काहून नाही इचारलं? तांड्यात लग्नाची तारीखबी मले इचारल्याबिगर निघत नाही. कोनी येनार नाही मताले!"

मी म्हटलं, "मग नायक, तुम्हीच ठरवा."

झालं! लिंबाखाली अख्खा तांडा बसला. एका दिवशी कोणाचं लग्न निघालं, दुसऱ्या दिवशी ज्वारीची कापणी, तिसऱ्या दिवशी अमावस्या. दुपार कलल्यावर नायकांनी निकाल दिला. दिल्लीचीच तारीख!

"बाजाराले जाता जाता मत टाकू. लिवा गुरुजी, दिल्लीले कळवा."

मी मुकाट्यानं लिहून घेतलं.

मतदानाच्या दिवशी केंद्र उघडायच्या आधीच बाजाराच्या टोपल्या घेऊन सगळा तांडा रांगेत उभा. मत देऊन, बोटाची शाई निरखत नायक माझ्याकडे आले.

"बाकीच्या गावाईचंबी आजच हाय काय?"

"हो. पार उमरखेडपर्यंत आजच."

नायकांनी समाधानानं पागोटं सारखं केलं. "चांगली मानसं हायेत दिल्लीची. ऐकलं आपलं."