मापाला माणूस

...नाही, पण मला सांगा, चार हजार दोनशे फोटो आहेत माझ्याकडे, आणि तो अंत्यविधीवाला टाय नीट करत मलाच विचारतो, 'मिस्टर हॅल्वर्सन, बाईंचा चेहरा दिसेल असा एखादा नाही का?' एखादा! म्हटलं, हा घे फोन, हवा तो निवड. त्यानं बोटानं सरकवले, सरकवले, सरकवले... आणि मग फोन माझ्या हातात परत ठेवला की हो.

तुम्हाला सांगतो, या फोनच्या कॅमेऱ्याची एक खोड आहे, केवढीही मोठी वस्तू असो, त्यात चिमुकली दिसते. आता कॅनडातल्या या आपल्या सस्कॅचवान प्रांतात गावोगावी वेशीवर काहीतरी अवाढव्य उभं केलेलं असतंच, कुठे कॉफीची किटली, कुठे हंस, कुठे बटाटा, आणि गाडीला ट्रेलर जोडून आम्ही दोघं नवराबायको दोन उन्हाळे तेच तर बघत हिंडलो. पण बटाटा दुमजली आहे हे फोटोत कळणार कसं? शेजारी माणूस हवा. मापाला. मग काय, 'आर्लीन, जा गं, तिथं उभी राहा.' जायची बिचारी, पर्स सांभाळत, गुडघा धरत. 'अजून मागे. अजून. पार पायथ्याशी.'

'अरे रॉस, तिथून मी दिसते तरी का?'

'तू नाही, बटाटा दिसायला हवा.'

चार हजार दोनशे फोटो आहेत, आणि स्वतःहून ती एकदाच म्हणाली. हंसापाशी. 'एक माझा काढ की जवळून, आज केस बरे बसलेत.' आणि मी काय म्हणावं? 'तुला काय, रोज बघतोच की.' रोज बघतोच... काय बोलून जातो माणूस! ऊन उतरत होतं, मला हंसाची घाई.

मार्चमध्ये गेली. सकाळी, ओट्यापाशी, कॉफी ओतता ओतता.

जुने अल्बम? ते तळघरात पाणी शिरलं तेव्हाच लगदा झाले. लायसन्सवरचा आहे एक, पण तिनं बजावून ठेवलेलं, 'मी मेले तरी हा कुणाला दाखवायचा नाही.' मग मी आणि तिची बहीण व्हर्ना, दोघं फोन घेऊन बसलो, दोन बोटांनी ताणतोय, ताणतोय, आर्लीन मोठी होतेय, टोपी आली, खांदे आले, आणि चेहऱ्याच्या जागी तीन चौकोन. तांबूस.

व्हर्ना म्हणते, 'हसतेय वाटतं.'

'अगं, कशावरून?'

'मधला चौकोन बघ ना.'

मी बघितला. खूप वेळ बघितला. तुम्हाला सांगतो, पंचेचाळीस वर्षं संसार केला त्या बाईशी, आणि हसताना तिच्या कुठल्या गालाला खळी पडायची ते मला त्या चौकोनाला विचारावं लागलं. त्यानं नाही सांगितलं.

शेवटी बटाट्याचाच लावला. त्यात ती त्यातल्या त्यात मोठी, अंगठ्याएवढी तरी. चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये स्टँडवर ठेवला, बाजूला हॅम सँडविचं. चार हजार दोनशे फोटो, आणि शेवटी हा. शेजारचा एल्डन आला. टोपी काढली, फोटोपुढे उभा राहिला, कितीतरी वेळ उभा राहिला. मला वाटलं, चला, एकाला तरी दिसली. मग तो वळला, माझा हात दोन्ही हातांत घट्ट धरला, डोळे भरलेले, आणि हळूच म्हणाला, 'रॉस... हा बटाटा कुठल्या गावचा?'

आणि मी सांगितलं हो त्याला. पेट्रोल पंपावरून डावीकडे, म्हटलं, लांबूनच दिसतो.