घोडा, नळ आणि माझी खुर्ची

…आणि वर मलाच म्हणतात, ‘बाबा, तुम्हाला काय कळतंय यातलं!’ अहो, मला नाही कळत? चाळीस वर्षं फूटपाथवर कंगवे विकले मी! सही करताना अजून जीभ बाहेर येते माझी, ते कबूल… पण गिऱ्हाईक? गिऱ्हाईक मला पाठ आहे!

तर झालं काय, तुम्हाला सांगतो. क्रिकेटच्या फायनलचा दिवस. आमचे जावईबापू जाहिरातीच्या कंपनीत. त्यांनी केलेली एक जाहिरात त्या दिवशी पहिल्यांदा लागणार, म्हणून सगळं घर टीव्हीपुढं. मी आपला माझ्या खुर्चीत. तीच ती, कंगवे विकायचो तेव्हाची. जरा करकरते. जरा म्हणजे… शेजारचे विचारतात, दार कुठलं वाजतंय!

सूनबाई खुर्चीवर टपूनच होती. म्हणाली, “बाबा, पैज लावू. सामना संपला की जावईबापूंच्या ऑफिसातून हजार लोकांना फोन करून विचारतात, कुठली जाहिरात भारी, कुठली भिकार. दोन्ही बरोबर ओळखा. नाही ओळखलीत, तर खुर्ची भंगारात!”

मी म्हटलं, लाव! म्हातारा झालो म्हणून काय भ्यायचं?

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो, कुणाला बोलू नका. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघायचंच नाही. तोंड म्हणतं ‘नको नको’ आणि हात कंगव्यावरून फिरतोय… विकला! तोंड म्हणतं ‘वा वा, सुंदर’ आणि हात खिशात… गेला! म्हणून मी काय केलं? टीव्हीकडे अर्धाच डोळा. बाकी दीड डोळा घरच्यांच्या हातांवर!

षटक संपलं, आली जावईबापूंची जाहिरात. समुद्र. पांढरा घोडा. पळतोय, पळतोय, अहो केवढा पळतोय! मग पन्नास पोरी नाचतायत. मग एक बाई डोळे मिटून हसतेय. मग परत घोडा! संपली. पण विकायचं काय होतं?

“वा! काय फोटोग्राफी!” मुलगा म्हणाला. हात? मोबाइलवर. “अगदी परदेशी वाटते हो!” सूनबाई म्हणाली. हात? कपड्यांच्या घड्या धडाधड. आमची ही मटार सोलत होती, तिचा तर वेगच वाढला. आणि ऐका… खुद्द जावईबापूंचा हात खुर्चीखाली चप्पल चाचपत होता!

मी म्हटलं, “सगळ्यांत भिकार हीच.”

सगळ्यांचे डोळे माझ्यावर. खुर्चीसुद्धा करकरली नाही!

“अहो, जावई आहेत ते!” ही दातओठ खात पुटपुटली. मी म्हटलं, असू देत, पण विकायचं काय होतं? सांगा! मुलगा म्हणाला, “सेंट.” सूनबाई म्हणाली, “बँक असेल.” ही म्हणाली, “घोडा.”

जावईबापू लालबुंद. “गादीची आहे, बाबा! झोपल्यावर माणसाला कसं मोकळं वाटतं…”

घोडा पळतोय आणि माणूस झोपतोय! असू दे.

मग शेवटच्या षटकाआधी एक बारकीशी आली. एक म्हातारा बिछान्यात. नळ ठिबकतोय. टप… टप… म्हातारा उठतो, बादली ठेवतो. टण… टण… बादलीत फडकं टाकतो. टुप… टुप… मग त्याची म्हातारी येते, एक नजर टाकते त्याच्यावर, आणि खिशातून काढते वॉशर! बास. एवढंच.

टीव्हीकडे माझा तोच अर्धा डोळा. हात बघितले! मुलाचा मोबाइल मांडीवर पालथा. सूनबाईच्या हातात शर्ट, एक बाही हवेत. आणि हिचे हात… लग्नाला पन्नास वर्षं झाली, हिचे हात थांबलेले मी कधी बघितले नव्हते. मटाराचा दाणा बोटांत तसाच!

“ही पहिली!” मी ओरडलो.

“ही? नळाची?” सगळे हसले.

सामना संपला. कोण जिंकलं विचारू नका, कुणाचंच लक्ष नव्हतं. तासाभरानं जावईबापूंचा फोन वाजला. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा असा उतरला, असा उतरला… “पहिली नळाची,” म्हणाले. “आणि शेवटची?” मी विचारलं. हळूच म्हणाले, “लोक विचारतायत, पण विकायचं काय होतं?”

आहाहा! मी उठलो, छाती काढली, खोलीभर फिरलो, जावईबापूंच्या पाठीवर थाप मारली, सगळ्यांना फोड करून सांगितलं, “अरे, मी टीव्ही नाही, हिचे हात बघत होतो! हिचे हात थांबले, तिथंच निकाल लागला!” आणि ऐटीत मागं वळलो, बसायला…

खुर्चीत ही. मटाराच्या टोपल्यासकट.

“अहो, माझी खुर्ची!”

“निकाल कुणाच्या हातांनी लागला?” म्हणाली. आणि लागली सोलायला.

स्वतःच्याच तोंडानं कबूल करून बसलो होतो! तर खुर्ची वाचली, नाक वर राहिलं, आणि मी सध्या स्टुलावर असतो. बरं आहे तसं. फक्त जरा करकरतं… आणि कालपासून सूनबाई स्टुलाकडे बघायला लागलीय.