गाळलेलं रीळ

मी मूळचा धानोऱ्याकडला, भाऊ. आमी गोंड, गाव जंगलात, मायबाप मोहफुलं वेचत, तेंदूपत्ता तोडत, मीबी तेच केलं असतं, पण मामानं वरोऱ्याच्या एका टॉकीजमंधी लावून देल्लं, तं तीस वर्सं केबिनमंधी पिच्चर दाखवाची मशीनच चालवली. आता थे टॉकीज बंद आहे, मी घरी हावो अन् बरा हावो.

काय सांगू तुमाले, लोक म्हणत तुयी मजा आहे गड्या, फुकट पिच्चर पाह्यतं. कायची मजा! एक रीळ चालू असलं का दुसरं गुंडाळा, मशीनीकडं ध्यान ठेवा, पडद्याकडं पाहाले फुरसतच नाई. माही बायको सुमन मात्र खाली बायकांच्या बाजूनं बसून हर पिच्चर पाहे.

एकदा असाच डोकं लावाचा पिच्चर आला. एक शास्त्रज्ञ दूरच्या ग्रहावर जाते, लय वर्सांनी वापस येते, दार वाजवते, अन् बायको दारच उघडत नाई. गाणं नाई, मारामारी नाई. कापसाच्या बजाराचा दिवस, पब्लिक बोंबलून राह्यली, खेड्यावरच्यांची शेवटची एसटी निघाची होती, तं मालक म्हणे एक रीळ गाळ. रीतच होती तशी, सुस्त रीळ गाळाची, कोणाले समजत नसे. पण कोणतं गाळाचं थे मीच ठरवलं, न पाहता. शेवटून दुसरं गाळलं.

घरी सुमन म्हणे, काऊन जी, त्या बाईनं दार काऊन नाई उघडलं? मी म्हणलो, पिच्चर होय, काईबी असते. खरं सांगाची हिंमत झाली नाई, ती मले मोठा कारागीर समजे ना! पण तिच्या डोक्यातून थे गेलंच नाई. भाजी निवडता निवडता म्हणे, न सांगता गेला असंन, म्हणून रागावली असंन. कदी म्हणे, वळखलंच नसंन. वर्सांमागून वर्सं गेले, अन् मी चूप.

मागल्या दिवाळीले आमची पोरगी गडचांदूरहून आली, तिनं टीव्हीवर नेमका थोच पिच्चर लावून देल्ला. मले घाम फुटला. घरचं पाह्यणं कसं, सुमननं दोनदा थांबवला, एकदा चहासाठी, एकदा कुकरसाठी, टॉकीजमंधी असं केलं असतं तं लोकायनं खुर्च्या तोडल्या असत्या. पण तिच्या बाजूले बसून आख्खा पिच्चर मी जिंदगीत पह्यल्यांदा पाहून राह्यलो होतो. मंग थे रीळ आलं. खरा नवरा ग्रहावरच मेला होता, त्याच्या रूपाची मशीन घरी धाडली होती, अन् बायकोले थे समजलं होतं.

सुमननं पिच्चर थांबवला, म्हणे हे तवा नोतं. मी सांगून टाकलं, मीच गाळलं. वाटलं आता आपली खैर नाई. तं म्हणे, बरंच केलं, दिसलं असतं तं मी दुसऱ्या दिवशी इसरली असती, इतके वर्सं विचार कोणं केला असता?

अन् पिच्चर पुढं लावता लावता म्हणे, पण बाई चुकलीच जी, मशीन असली तरी घरी तं आली होती, दार उघडाले पाह्यजे होतं.

माह्या डोळ्याले पानी आलं, भाऊ. तीस वर्सं मी मशीनीपाशीच राह्यलो, अन् रातच्याले घरी आलो का तिनं हर रोज दार उघडलं. आता सांजच्याले दोघं पिच्चर पाहात बसतो, ती थांबवते तिथं मी थांबतो. आमचा देव बडादेव तुमचंबी असंच भलं करो.